पाहुणा ओसरीवर बरा!

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत गेल्या दोन-तीन वर्षांपासून एका नव्या पाहुण्याचे येणेजाणे सुरू झाले आहे. नाव 'एआय'. शाळेचा प्रकल्प असो, हळदीकुंकवाच्या निमंत्रणाचा मजकूर असो की पुरणपोळीसाठी डाळ-गुळाचे प्रमाण असो, हा पाहुणा कशालाही नाही म्हणत नाही. चुकीचे सांगेल, पण सांगेल! इथवर ठीक होते. नुसते बोलणारा पाहुणा कितीही चुकला, तरी त्याचे ऐकायचे की नाही हे आपल्या हातात असते.

अलीकडे मात्र या पाहुण्याने बोलता बोलता कामालाही हात घातला आहे. त्याला वर्षाच्या खर्चाची फाइल द्या. तो स्वतः एक छोटासा प्रोग्रॅम लिहितो, तो चालवतो, चूक आली तर दुरुस्त करून पुन्हा चालवतो आणि शेवटी छानसा आलेख काढून पुढ्यात ठेवतो. ज्यांना प्रोग्रॅमिंगचा गंधही नाही, त्यांच्या लॅपटॉपवर आता रोज नवेनवे प्रोग्रॅम चालू लागले आहेत, आणि ते आधी कोणीही वाचलेले नसतात.

गणेशोत्सवात आरती आटोपून प्रसादाच्या रांगेत उभे असताना एका वहिनींनी आम्हांला गाठले.

"भाऊजी, तो एआय माझे सगळे फोटो वर्षावार लावून देतो म्हणाला. आता विचारतोय, तुमच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम चालवू का? मी 'हो' म्हणू का हो?"

"वहिनी, प्रोग्रॅममध्ये काय आहे ते बघितलंत का?"

"मला काय कळतंय त्यातलं! चांगलाच असेल ना?"

हातात मोदक असताना या प्रश्नाचे पुरते उत्तर देणे शक्य नव्हते, म्हणून हा लेख. 'चांगलाच असेल ना?' हा प्रश्न एकट्या वहिनींचा नाही, तो आपल्या सगळ्यांचा आहे. आमचे म्हणणे एवढेच की तो प्रश्नच बदलायला हवा. 'हा प्रोग्रॅम चांगला आहे का?' असे विचारण्याऐवजी 'हा वाईट निघालाच, तर त्याचा हात कुठवर पोचेल?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर भल्याभल्या तज्ज्ञांनाही देता येत नाही. दुसऱ्याचे देता येते, आणि मुख्य म्हणजे ते आधीच ठरवूनही ठेवता येते. याचे उदाहरण शोधायला फार लांब जायला नको. ते दोह्याच्या उत्तरेला ऐंशीएक किलोमीटरवर आहे.

रास लफानला काय झाले नाही

२०१२ सालचा ऑगस्ट. रमजानचे शेवटचे दिवस होते, अर्धेअधिक लोक सुट्टीवर. १५ ऑगस्टला सौदी अरेबियातल्या अरामको या तेल कंपनीच्या कार्यालयांतले सुमारे तीस हजार संगणक निकामी झाले. पुढे 'शमून' या नावाने ओळखला गेलेला व्हायरस कंपनीच्या जाळ्यात शिरला होता. तो एका संगणकातून दुसऱ्यात जाई, तिथल्या फाइली पुसून टाकी आणि त्यांच्या जागी जळत्या अमेरिकन झेंड्याच्या चित्राचा तुकडा लिहून ठेवी. सगळ्यात शेवटी संगणक सुरू होण्यासाठी लागणारा डिस्कवरचा भागही तो पुसून टाकी. मग उरे तो नुसता पत्र्याचा डबा.

दोन आठवडे होतात न होतात तोच आपल्या कतारची पाळी आली. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात रासगॅस कंपनीच्या कार्यालयीन संगणकांत व्हायरस शिरला. ई-मेल बंद पडले, वेबसाइट बंद पडली. कंपनीने व्हायरसचे नाव जाहीर केले नाही, पण तो शमून किंवा त्याचाच कोणी भाऊबंद असावा असे अनेक तज्ज्ञांनी मानले.

आता पणाला काय लागले होते ते पाहा. नॉर्थ फील्डमधून येणारा वायू रास लफानला उणे १६२ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड करून द्रवरूप करतात. तसे केले की त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते आणि तो जहाजात भरता येतो. त्याआधी दोनच वर्षे, म्हणजे २०१० च्या अखेरीस, कतारची ही क्षमता वर्षाला ७ कोटी ७० लाख टनांवर पोचली होती. रासगॅसचा वायू २००४ पासून गुजरातेत दहेजला उतरत होता. मूळ करार वर्षाला ७५ लाख टनांचा, आणि दहेजहून पुढे उरणपर्यंत पाइपलाइन गेलेली. म्हणजे रास लफानचे काम थांबले असते, तर त्याची झळ थेट आपल्या महाराष्ट्राला लागली असती.

पण काम थांबले नाही. वायू द्रवरूप होत राहिला, जहाजे ठरल्या दिवशी सुटत राहिली. उत्पादनावर आणि ठरलेल्या जहाजांवर काहीही परिणाम झालेला नाही, असे कंपनीने सांगितले. अरामकोचेही तेल वाहतच राहिले, आणि कारण म्हणून त्यांनी एकच गोष्ट पुढे केली: तेल काढणारी यंत्रणा आणि कार्यालयातले संगणक यांची जाळी वेगवेगळी आहेत.

यातली मेख लक्षात घ्या. व्हायरस ओळखला म्हणून कोणी वाचले नाही. तो आत शिरला तेव्हा तो कोण, कुठला, हे कोणालाच ठाऊक नव्हते. वाचवले ते भिंतीने. समोरचा चोर की साव याचा निवाडा भिंत करत नाही. तिला दार नसते, एवढाच तिचा गुण! रासगॅस कंपनी १ जानेवारी २०१८ पासून कतारगॅसमध्ये विलीन झाली. तिचे नाव गेले, पण हा धडा राहिला.

न्हावा-शेवाला काय झाले

भिंत नसली की काय होते, याचेही उदाहरण आपल्या घरचेच आहे. जून २०१७ मध्ये कतारची नाकेबंदी सुरू झाली आणि दुबईच्या जबेल अलीमार्गे येणारे आपले कंटेनर अडकले, ते कोणी विसरले नसेल. त्याच महिन्याच्या शेवटी तिकडे रायगड जिल्ह्यात, न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातही कंटेनर अडकले. कारण मात्र निराळे होते.

२७ जूनला 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस युक्रेनमधून सुटला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जगभरचे संगणक काही तासांत बंद पडले, आणि तिच्याच समूहाकडून चालवले जाणारे न्हावा-शेवाचे एक टर्मिनलही त्यात सापडले. हा व्हायरस आला कुठून? युक्रेनमध्ये हिशेब आणि करभरणीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या अपडेटमधून! म्हणजे ज्याच्यावर सगळ्यांचा पूर्ण विश्वास, त्याच दारातून. 'चांगला आहे का?' या प्रश्नाला आदल्या दिवशी कोणीही 'हो' असेच उत्तर दिले असते.

मर्स्कला दहा दिवसांत सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनीच पुढे सांगितले. नुकसानीचा अंदाज पंचवीस ते तीस कोटी डॉलर. कंपनीचे सगळे जाळे ज्या सर्व्हरांच्या भरवशावर चालते, त्यांतला एकच धड उरला, तो आफ्रिकेत घानामध्ये. कारण काय, तर हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता! लोडशेडिंगला कोणी मनापासून धन्यवाद दिल्याचे हे आमच्या माहितीतले पहिलेच उदाहरण.

रास लफानला भिंत ठरवून बांधलेली होती. घानात ती वीज गेल्यामुळे आपोआप उभी राहिली. दैवावर किती अवलंबून राहायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

व्हॉल्व्ह आणि ब्लाइंड

आम्ही पडलो प्लँटवरची माणसे. आमच्या धंद्यात 'आयसोलेशन' हा शब्द रोजच्या जेवणातल्या मिठासारखा. एखाद्या टाकीत माणूस उतरवायचा असेल तर पाइपवरचा व्हॉल्व्ह बंद केला, एवढ्यावर कोणी समाधान मानत नाही. व्हॉल्व्ह जुना असतो, त्याची सीट झिजलेली असते, आणि मग तो 'पास' होतो, म्हणजे बंद असूनही आतून थोडे थोडे झिरपत राहते. म्हणून पाइपचा जोड उघडून दोन फ्लँजांच्या मध्ये पोलादाची सलग चकती बसवतात. तिला ब्लाइंड म्हणतात. विजेच्या बटणाला कुलूप लागते, किल्ली कामगाराच्या खिशात. आतली हवा तपासतात. मॅनहोलपाशी एक माणूस बसतो आणि किती आत गेले, किती बाहेर आले याची नोंद ठेवतो. या सगळ्याचे परमिट असते आणि ते ठरलेल्या कामापुरते व ठरलेल्या वेळेपुरते असते. पाळी संपली, परमिट संपले. उद्याचे उद्या.

यात टाकीवर कोणी रागावलेले नसते, की फिटरवर अविश्वास नसतो. माणूस संध्याकाळी धडधाकट घरी जावा, एवढाच हेतू.

संगणकात नेमके हेच करायचे असते. ज्याची खात्री नाही असा प्रोग्रॅम चालवायचा, तर त्याच्यासाठी एक बंदिस्त खोली तयार करतात. तिला म्हणतात कंटेनर. हा शब्द बंदरावरूनच आला आहे. १९५६ साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने एका जहाजावर ५८ पोलादी पेट्या चढवून नेल्या आणि जगाचा व्यापार बदलला. पेटीत काय आहे याच्याशी क्रेनला कर्तव्य नसते, आणि एका पेटीतला माल दुसऱ्या पेटीत सांडत नाही. संगणकातला कंटेनर तोच गुण घेऊन येतो.

कारभारी आणि त्याचे नियम

हे चालते कसे? संगणकाच्या पोटात 'कर्नेल' नावाचा एक कारभारी बसलेला असतो. फाइल उघडायची, इंटरनेटवर बोलायचे, जास्तीची मेमरी हवी, तर प्रत्येक गोष्टीसाठी प्रोग्रॅमला या कारभाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. कंटेनर म्हणजे या कारभाऱ्याने एखाद्या प्रोग्रॅमपुरते लावलेले नियम.

पहिला नियम दिसण्याचा. आतल्या प्रोग्रॅमला तेवढ्याच फाइली दिसतात, जेवढ्या त्याला दिल्या आहेत. बाकीचा संगणक आहे हेच त्याला कळत नाही. दुसरा नियम खाण्याचा. मेमरी आणि प्रोसेसर यांचा ठरलेला शिधा मिळतो, त्यापुढे एक कणही नाही. त्यामुळे प्रोग्रॅम वेड्यासारखा गोल गोल फिरत बसला तरी बाकीच्यांची उपासमार होत नाही. तिसरा नियम मागण्याचा. कारभाऱ्याकडे करता येण्याजोग्या अर्जांची यादी ठरलेली असते, यादीबाहेरचा अर्ज न वाचताच परत. त्यात भर म्हणून इंटरनेट एकतर पूर्ण बंद, नाहीतर मोजक्याच पत्त्यांना उघडे. आणि काम झाले की ती खोलीच मोडून टाकतात, पुढच्या कामाला कोरी खोली.

कल्पना काही आजची नाही. युनिक्समध्ये १९७९ सालीच 'सीएच-रूट' नावाची आज्ञा होती. ती प्रोग्रॅमला एका कप्प्याबाहेरच्या फाइली दिसू देत नसे. २००० साली फ्रीबीएसडी या प्रणालीने त्याहून पक्की व्यवस्था आणली आणि तिचे नावच ठेवले 'जेल'. २०१३ साली 'डॉकर' आले आणि ही खोली बांधणे कोणाही प्रोग्रॅमरच्या हाताचा मळ झाले.

आपल्या जुन्या वाड्यांना ओसरी असे. आल्यागेल्याने तिथे बसावे, पाणी प्यावे, काम सांगावे. माजघरात आणि देवघरात तो जात नसे, आणि त्याला त्यात अपमानही वाटत नसे. इथल्या कतारी घरांत मजलिस असते. बहुतेकदा तिला बाहेरून वेगळे दार असते, त्यामुळे पाहुण्याचा पाहुणचार होतो आणि घरातल्यांना आडपडदाही राहतो. कंटेनर म्हणजे संगणकाची ओसरी किंवा मजलिस समजा.

मात्र भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी, हेही आपल्याच लोकांनी म्हणून ठेवले आहे. कंटेनर कितीही असले तरी कारभारी एकच असतो, सगळ्यांचा मिळून. त्याला फसवता आले तर ओसरीवरचा पाहुणा थेट माजघरात. फेब्रुवारी २०१९ मध्ये तसे भोक सापडलेही. डॉकर ज्याच्या आधाराने खोल्या उघडतो त्या 'रन-सी' या भागात असा दोष निघाला की आतला प्रोग्रॅम यजमान संगणकाचाच ताबा घेऊ शकत होता. आमच्या भाषेत, व्हॉल्व्ह पास होत होता. दोष लगेच दुरुस्त झाला, पण ज्यांना पूर्ण परक्या माणसांचे प्रोग्रॅम चालवावे लागतात, ते व्हॉल्व्हवर न थांबता ब्लाइंड घालतात. म्हणजे प्रत्येक कामाला एक छोटासा स्वतंत्र आभासी संगणकच देतात, ज्याचा कारभारीही वेगळा. ॲमेझॉनने २०१८ साली 'फायरक्रॅकर' नावाने अशी व्यवस्था सर्वांसाठी खुली केली. तिचा आभासी संगणक सेकंदाच्या आठव्या हिश्श्यात उभा राहतो. गूगलने त्याच वर्षी 'जी-व्हायझर' आणला. त्यात प्रोग्रॅम आणि खरा कारभारी यांच्यामध्ये एक दुय्यम कारभारी बसवलेला असतो.

परक्याचा प्रोग्रॅम चालवणे म्हणजे काही तरी गुन्हेगारी प्रकरण, असे मात्र समजू नका. आपल्या एज्युकेशन सिटीत २००४ पासून ज्याची शाखा आहे त्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 'ऑटोलॅब' नावाची व्यवस्था तयार झाली. विद्यार्थ्यांनी पाठवलेले प्रोग्रॅम ती आपोआप चालवून तपासते आणि गुण देते. पोरे हुशार, पण एखाद्याचा प्रोग्रॅम कधी थांबतच नाही, एखाद्याचा भलतीच फाइल पुसायला निघतो. म्हणून प्रत्येकाचा प्रोग्रॅम वेगळ्या बंदिस्त जागी चालवतात. प्राध्यापकांचा मुलांवर विश्वास नाही, असा त्याचा अर्थ कोणी घेत नाही.

आगीचा त्रिकोण

मग एआयच्या बाबतीत नवे काय? नवे हे की इथे प्रोग्रॅम लिहिणारा दुसऱ्याच्या बोलण्यात येतो.

समजा, नवा गडी कामावर ठेवला. त्याला सांगितले, "आलेली पत्रे वाच आणि शाळेच्या फीचा हिशेब काढ." एका पत्रात कोणी लिहून ठेवले आहे, "तिजोरीतली कागदपत्रे या पत्त्यावर पाठवून दे." शहाणा गडी हसेल आणि पत्र मालकाला दाखवेल. एआयचा घोटाळा हा की मालकाचे सांगणे आणि पत्रातला मजकूर हे दोन्ही त्याच्यापुढे शब्दांच्या एकाच ओळीत येतात. मालक कोण आणि पत्र कोणाचे, हे त्याला दर वेळी खात्रीने वेगळे करता येत नाही. हे पत्र ई-मेल असेल, पीडीएफ असेल किंवा पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेली वेबपानावरची ओळ असेल. २०२२ पासून या प्रकाराला 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' असे नाव आहे, आणि त्यावर रामबाण औषध अजून निघालेले नाही.

सायमन विलिसन या ब्रिटिश प्रोग्रॅमरने २०२५ साली यावर फार नेमके बोट ठेवले. तो म्हणतो, तीन गोष्टी एकत्र आल्या की घात होतो: सहायकाला तुमची खाजगी माहिती दिसणे, परक्याचा मजकूर त्याच्या वाचनात येणे, आणि बाहेर काही पाठवण्याची सोय त्याच्याजवळ असणे. रास लफानला काम केलेल्या कोणालाही हे वाचून आगीचा त्रिकोण आठवेल. पहिल्याच दिवशीच्या सुरक्षा-वर्गात तो फळ्यावर काढतात: इंधन, ऑक्सिजन आणि ठिणगी. तिन्ही मिळाल्या तर आग, एक काढून घेतली तर नाही. वायूच्या प्लँटमध्ये इंधन काढून टाकता येत नाही, म्हणून ठिणगीवर पहारा. तसेच एआयला मूर्ख बनवता येणारच नाही, याची हमी आज कोणी देऊ शकत नाही. पण त्याची खोली अशी बांधता येते की तो मूर्ख बनला तरी त्याच्या हाती तिजोरी लागणार नाही, किंवा लागली तरी बाहेर जायला दार मिळणार नाही.

आणि दर वेळी कोणी दुष्टच असावा लागतो असेही नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या अमेरिकन कंपनीच्या एआय सहायकाने एका उद्योजकाचा चालू स्थितीतला डेटाबेस पुसून टाकला. त्यात बाराशेहून अधिक लोकांच्या नोंदी होत्या. "आता कशालाही हात लावू नकोस," असे त्याला बजावून सांगितलेले होते. सुदैवाने माहिती परत मिळाली. कंपनीच्या प्रमुखांनी क्षमा मागितली आणि उपाय जाहीर केला, तो कोणता? तर प्रयोगाचा डेटाबेस आणि खरा डेटाबेस आपोआप वेगळे ठेवायचे! तेरा वर्षांपूर्वी रास लफानला जो उपाय कामाला आला, त्याचाच हा चुलतभाऊ. बजावून सांगणे वेगळे आणि भिंत बांधणे वेगळे.

आपल्या घरी काय करावे

आता तुमच्या-आमच्या घराकडे वळू. आखातातल्या आपल्या संसाराचा पाया कागदांवर उभा आहे. सगळ्यांचे पासपोर्ट, क्यूआयडी, शिक्के मारून प्रमाणित केलेल्या पदव्या, लग्नाचा दाखला, एनआरई खाते, मुलाचे कॉलेजचे अर्ज. आणि बहुतेक घरांत हे सगळे एकाच लॅपटॉपवर असते. त्याच लॅपटॉपवर मुलगा खेळतो, आई फोटो लावते आणि आता एआय प्रोग्रॅम चालवतो. माजघर, देवघर, ओसरी सगळे एकाच खोलीत! ते बदलायला पैसे फारसे लागत नाहीत, एक शुक्रवार पुरतो.

पहिली गोष्ट, प्रोग्रॅम कुठे चालणार ते विचारा. काही सहायक तो कंपनीच्या संगणकावर, त्यांच्याच बंदिस्त खोलीत चालवतात. ओपनएआयने २०२३ साली चॅटजीपीटीत ही सोय आणली. अशा वेळी तुमच्या लॅपटॉपला धोका कमी. पण तुम्ही दिलेली फाइल मात्र त्यांच्याकडे जाते, म्हणून नाव, खाते क्रमांक काढून गरजेपुरतेच द्या. काही सहायक तुमच्याच लॅपटॉपवर हात चालवतात. 'चालवू का?' हा प्रश्न तिथे खरोखर महत्त्वाचा.

दुसरी गोष्ट, एआयला वेगळी जागा द्या. प्रत्येक घरात कपाटात एक जुना लॅपटॉप पडलेला असतोच. तो पुसून, नवा करून याच कामाला ठेवा. ते जमत नसेल तर निदान लॅपटॉपवर वेगळे खाते उघडा आणि त्याला ॲडमिनचे अधिकार देऊ नका. मूळ फोल्डर न देता त्याची प्रत द्या. फोटो उलटेसुलटे झाले तर प्रतीतले होतील, बारशापासूनचे मूळ फोटो जागच्या जागी राहतील.

तिसरी, 'नेहमीसाठी परवानगी' हे बटण दाबू नका. परमिट पाळीपुरतेच असते हे लक्षात ठेवा. आजच्या कामाला आजची परवानगी. थोडा वेळ जातो, जाऊ द्या.

चौथी, महत्त्वाच्या कागदांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. लावलेली डिस्क ही भिंत नव्हे, ती दुसरे दार. घानाचा सर्व्हर आठवा.

पाचवी, पासवर्ड आणि ओटीपी सहायकाला सांगू नका, 'आत्तापुरता' म्हणूनही नाही. बंद खोलीत पाहुण्याला बसवून किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात दिला, तर खोलीचा उपयोग काय?

घरात प्रोग्रॅमिंग करणारी तरुण मंडळी असतील, तर त्यांच्यासाठी चार शब्द. डॉकर वापरता, उत्तम. पण सोयीसाठी आपला अख्खा होम फोल्डर कंटेनरला जोडू नका. डॉकरचे सॉकेट आत देऊ नका, ते म्हणजे कारभाऱ्याचा शिक्काच देण्यासारखे. प्रोग्रॅम रूट म्हणून चालवू नका. नेटवर्क आधी बंद ठेवा आणि लागेल तो पत्ता तेवढा उघडा. एआयने सुचवलेले पॅकेज खरोखर अस्तित्वात आहे का ते आधी पाहा. कधी कधी तो नावे कल्पनेतून काढतो, आणि तेच नाव घेऊन कोणी तरी सापळा लावून बसलेला असू शकतो. हे सांगितल्यावर कंटाळून एक सुस्कारा येणार, तो आमच्या परिचयाचा आहे. परमिटच्या रांगेत उभे राहून तो आम्हीही सोडत असतो.

भिंतीला काय येत नाही, हेही सांगायला हवे. भिंत उत्तर तपासत नाही. बंदिस्त खोलीत बसून एआयने खर्चाची बेरीज चुकवली, तर ती चुकलेलीच बाहेर येईल. तिथे आपलीच नजर आणि आपलीच अक्कल. शिवाय सगळी दारे बंद ठेवली तर सहायक निरुपयोगी होतो. टाकीत माणूसच उतरवायचा नाही असे ठरवले, तर टाकी साफ कशी होणार? दारे उघडावी लागतातच. ती एकेक करून, जाणूनबुजून आणि कामापुरती उघडावीत, एवढेच म्हणणे.

म्हणून मुलांना एआयपासून दूर ठेवा, असे आम्ही मुळीच सांगणार नाही. उलट त्यांना तो वापरू द्या. पुढे त्यांच्या नोकऱ्यांत तो असणारच आहे. फक्त बटण दाबण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावा: 'हे बिघडलं तर काय काय जाईल?' उत्तर 'फोटोंची एक प्रत' असे आले तर खुशाल 'हो' म्हणा. उत्तर 'सगळ्यांचे पासपोर्ट' असे आले तर 'हो' म्हणण्याआधी तो लॅपटॉप बदला. रास लफानला ज्यांनी कोणी ती भिंत आखली, त्यांना शमूनचे नावही ठाऊक नव्हते. त्यांनी एवढाच प्रश्न विचारला असणार, आणि तोही वेळेवर.